आधी जाळी, मग प्रकल्प

आपल्याकडे सांडपाण्याचा विषय निघाला की चर्चा दोन गोष्टींपाशी थांबते: प्रकल्प किती कोटींचा आणि निधी कुणी आणला. त्या प्रकल्पाच्या तोंडाशी जाळी कोणती आहे, तिच्या दोन सळ्यांमधली फट किती आहे आणि ती साफ कोण करतं, हे मात्र कुणी विचारत नाही. सातारा-सांगलीतल्या आपल्या तरुणांनी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. लोखंड कापणं, सळ्या जोडणं रोजचंच, त्यामुळे जाळी हा विषय मला किरकोळ वाटत नाही. घराघरातलं मैलापाणी पंपिंग स्टेशनला पोहोचतं तेव्हा त्यात गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, केस, चिंध्या, डायपर, सॅनिटरी पॅड, खरकटं असं सगळं असतं. पहिली जाळी जाड असते. तिच्या सळ्यांमध्ये साधारण २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी फट असते. बाटली, चप्पल, फांदी तिथं अडते. पाऊच मात्र आडवा होऊन निसटतो आणि केस-धागे तर सरळ पुढे जातात. पंपात शिरले की हेच धागे पीळ खाऊन दोरासारखे होतात, इम्पेलरला गुंडाळतात आणि पंप बंद पडतो. म्हणून जाड जाळीच्या पुढे दुसरी, बारीक जाळी लागते. तिची फट ६ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. मेम्ब्रेन बसवलेल्या आधुनिक केंद्रांत तर १ ते ३ मिलिमीटरची लागते.

बारीक जाळी लवकर तुंबते, म्हणून ती यंत्रानेच साफ व्हावी लागते. जाळीच्या अलीकडे पाणी चढलं आणि पलीकडे उतरलं की सेन्सरला कळतं, दात्यांची साखळी फिरते आणि अडकलेला कचरा वर येतो. चांगल्या यंत्रणेत तो कचरा तिथंच धुतला जातो, म्हणजे मैला परत पाण्यात जातो. उरलेलं दाबून डब्यात पडतं. वीज गेली तर वापरायला शेजारी हाताने साफ करायच्या जाळीची वेगळी वाट ठेवलेली असते. बस, एवढंच. पण हे एवढं नसलं तर पुढची कोट्यवधींची टाकी आणि पंप कचऱ्याचं गोदाम होतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्ष प्रक्रिया फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. केंद्रं कमी आहेत हे सगळेच सांगतात. पण जी उभी आहेत, तीही पूर्ण चालत नाहीत, हे या आकड्यांमध्ये स्पष्ट दिसतं. याला कारणं अनेक आहेत. घरं गटारांना जोडलेली नसणं, वीज, देखभालीचा पैसा. तुंबलेली जाळी आणि बंद पडलेला पंप हेही त्यातलंच एक, आणि सगळ्यात कमी खर्चात सुटणारं.

सांगलीकरांना शेरी नाला वेगळा सांगायची गरज नाही. शहराचं मैलापाणी या नाल्यातून कृष्णेत जाऊ नये म्हणून ते उचलून धुळगावकडे न्यायचं, प्रक्रिया करायची आणि शेतीला द्यायचं, अशी योजना आखली गेली. ती वर्षानुवर्षं रखडली, हे प्रत्येक निवडणुकीत ऐकलंय. अशा योजनेचा सगळा भार उपसा पंपांवर असतो. पंप थांबला की नाला जिथं पूर्वी जात होता तिथंच जाणार, म्हणजे नदीत. नदीला त्या योजनेचा खर्च किती झाला याच्याशी देणंघेणं नसतं.

आता साताऱ्याचं पाहू. दोन्ही शहरं एकाच कृष्णेची, पण जमीन अगदी वेगळी. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. पाऊस झाला की ओढे धावत सुटतात आणि दगड, माती, प्लास्टिक घेऊन माहुलीच्या संगमाकडे निघतात. तिथं ओढ्याच्या तोंडावर थेट बारीक जाळी ठोकली तर पहिल्या जोरदार सरीत ती भरेल आणि पाणी वरच्या गल्लीत घुसेल. तिथं आधी मजबूत जाड जाळी हवी, जास्तीचं पाणी जाऊ देणारी बाजूची वाट हवी, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात ओढ्यातून वाहणारं मैलापाणी वळवून नेलं जातं तिथं बारीक जाळी हवी. सांगली सपाट, काळ्या मातीची. इथं पाणी हळू चालतं, गाळ बसतो आणि नदी चढली की नालेच उलटे वाहू लागतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरच्या लोकांना हे पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठल्याच जाळीने काही झालं नसतं. महापुरावरचा उपाय जाळी नाही, हे मान्य. पण दरवर्षीच्या साध्या पावसात गल्ली तुंबते, त्याचं मोठं कारण कचरा आहे. आणि साताऱ्यात जे अडवलं जात नाही ते कऱ्हाडवरून सांगलीत येतं, सांगलीत सुटलेलं पुढे कर्नाटकात जातं. नदीच्या काठावर राहणाऱ्याला वरचा शेजारी आणि खालचा शेजारी दोन्ही असतात.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र माणसाची आहे. यंत्र नसेल किंवा बंद असेल तर जाळी माणूस साफ करतो. खोल चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई मेल्यावर मिळते. यंत्राची जाळी जिवंतपणी मिळणारं संरक्षण आहे.

हा प्रश्न ‘दुसऱ्या समाजाचा’ आहे असं आपल्यातल्या कुणी समजू नये. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला उचलण्याच्या खर्चासाठीच्या कराला ‘हलालखोर कर’ असं नाव होतं. हलालखोर, मेहतर या आपल्यातल्याच बिरादऱ्या. शब्दाचा अर्थ काय, तर हलाल कमाई खाणारा. नाव इतकं इज्जतदार दिलं आणि पंगतीत मात्र लांब बसवलं. समतेचं व्याख्यान देताना हा हिशेबही आपण मांडायला हवा.

आणि थोडं आपल्या घरापुरतं. कुर्बानीच्या तीन दिवसांत मोहल्ल्यातल्या गटारात काय जातं हे आपण सगळे पाहतो. रक्त, आतडी, पोटातला चारा, चरबी. चरबी थंड झाली की जाळीच्या सळ्यांना मेणासारखी चिकटते, मग तिच्यावर पिशव्या बसतात आणि वाट बंद होते. लग्नाच्या हॉलचं तेल आणि गणपतीनंतरचं निर्माल्य यांचीही हीच गत, सण कुणाचाही असो. पण इतरांकडे बोट दाखवून आपली गल्ली साफ होत नाही. पाकी हा ज्यांच्या इमानाचा भाग आहे, रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ज्यांना सदका म्हणून शिकवलं जातं, त्यांनी मोहल्लानिहाय कुर्बानीची जागा, झाकणाचे डबे आणि पालिकेच्या गाडीची वेळ ईदच्या पंधरा दिवस आधी ठरवायला काय हरकत आहे? मशीद कमिटीच्या एका बैठकीचं हे काम आहे.

पालिकेकडून काय मागायचं, तेही नेमकं ठरवू. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा: आपल्या शहरात पंपिंग स्टेशनं किती, प्रत्येकावर जाळीची फट किती मिलिमीटर, ती यंत्राने साफ होते की हाताने, गेल्या वर्षी यंत्र किती दिवस बंद होतं, निघालेला कचरा कुठं जातो, आणि साफ करणाऱ्या कामगाराकडे गॅस मोजायचं उपकरण आहे का. उत्तर काहीही येवो, मागणी एकच ठेवा: प्रत्येक स्टेशनवर यंत्राने साफ होणारी बारीक जाळी आणि तिची रोजची नोंदवही लोकांना पाहता येईल अशी.

हे यंत्र परदेशातूनच आणायला हवं असंही नाही. १९१० पासून किर्लोस्करवाडी असलेला हा जिल्हा आहे. मिरज-कुपवाडच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलची वेल्डिंग करणारी, आयटीआय करून मोटर-पॅनल जोडणारी आपली कितीतरी पोरं आहेत. बांधणी, बसवणी, देखभाल या कामांची रीतसर निविदा निघाली तर त्यात उतरायची त्यांची तयारी आपण करून घेऊ शकतो. ज्या कामाला कालपर्यंत हात आणि बादली दिली जात होती, त्याला उद्या पाना, मीटर आणि पगारपत्रक मिळालं पाहिजे.

पुढच्या वेळी उमेदवार मोहल्ल्यात आला की तो कब्रस्तानच्या भिंतीचं आणि शादीखान्याचं बोलेलच. ते बोलू द्या. मग त्याला विचारा, दादा, आमच्या नाल्याच्या तोंडावरची जाळी किती मिलिमीटरची आहे?