मान मोडून ताण जात नाही, मंडळी!

पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर ते व्हिडिओ फिरतायत. माणसाला झोपवायचं, मान दोन्ही हातांत धरायची आणि एक झटका. कट्ट! वर दावा काय, तर ताणामुळे मणके सरकतात, नसा दबतात; आम्ही मज्जासंस्था पूर्ववत करतो; बीपी, शुगर, झोप सगळं जागेवर. याचं नाव कायरोप्रॅक्टिक. उद्या अलोऱ्यात असं शिबिर लागलं तर रांग लागेल, म्हणून आजच बोलतो.

ताण खोटा नाही. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, मान-खांदे ताठ होतात. धोका टळला की हे सगळं खाली यायला पाहिजे. पण रोजच धोका असेल तर ते उतरणार कधी? म्हणून मान धरते, झोप उडते, पोट बिघडतं.

आता आपल्याकडचा ताण बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. तेव्हापासून रात्री पाऊस धरला की वाशिष्ठीकाठची किती माणसं निवांत झोपतात? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या खड्ड्यांतून कंबर कोणाची गेली? कोयना प्रकल्पाची वीज राज्याला, आणि आपली पोरं कामाला मुंबई-पुण्याला. यातलं काय मणक्यात अडकलंय, की झटका दिला आणि सुटलं?

तो 'कट्ट' आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. बोटं मोडल्यावर येतो तोच.

या पद्धतीची सुरुवात १८९५ ची, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावातली. डॅनियल पामर यांनी मणका दाबून एका माणसाचा बहिरेपणा घालवल्याचा दावा केला. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून जातच नाही!

खरं तेही सांगायला हवं. कंबरदुखीत अशा हाताच्या उपचारानं काहींना आराम पडतो, पण साधारण व्यायामानं पडतो तितकाच. बीपी, शुगर बरी होते याला भक्कम पुरावा नाही. आणि मानेच्या झटक्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण ज्याच्या घरी होतो त्याला 'क्वचित' म्हणून काय समाधान?

म्हणून कोणी मानेला हात लावण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल आहे, फिजिओथेरपिस्टसाठीही राज्याची परिषद आहे. उत्तर टाळलं तर उठा आणि घरी या. बीपी-शुगरची गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. हातपाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तर शिबिर नाही, थेट हॉस्पिटल.

आता मुद्द्याचं. लोक झटकेवाल्यांकडे जातात ते मूर्ख म्हणून नाही. तिथे कोणीतरी हात लावतं, दहा मिनिटं ऐकून घेतं. सरकारी दवाखान्यात ती दहा मिनिटं मिळायला नकोत का? कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक आपल्या पंचक्रोशीत आले पाहिजेत. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच रत्नागिरीत आहे. तिथल्या तज्ज्ञांनी पावसाळ्याआधी एकदा तरी गावात येऊन बोलावं. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर लिहून ठेवा. फोन करायला वेडं असावं लागत नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. शिबिरासाठी समाजमंदिर मागायला कोणी आलं, तर आधी कागद दाखव म्हणा. मान आपली आहे, एकच आहे.