फेस नाही म्हणजे विष नाही?



फवारणीतले 'स्टिकर' (औषध पानावर पसरवून चिकटवणारे द्रव्य) निरुपद्रवीच असते, असे सांगणारे पत्र वाचले. त्यातले अर्धे पटले. नॉन-आयॉनिक स्टिकरवर विद्युतभार नसतो, म्हणून खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्यात ते साबणासारखे फाटत नाही. कपाशीच्या पानावरून घरंगळणारा थेंब पसरून बसतो. पण फेस कमी म्हणून धोका कमी, हा त्या पत्रातला तर्क लंगडा आहे. काही स्टिकरमधले नोनिलफिनॉल इथॉक्झिलेट पाण्यात अर्धवटच कुजते आणि उरलेले नोनिलफिनॉल माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने २००३ मध्येच त्याच्या वापरावर निर्बंध आणले. मग स्टिकर सोडायचे का? मुळीच नाही. अल्कोहोल इथॉक्झिलेटही पाने भिजवते, शिवाय लवकर कुजते. कंपन्यांनी बाटलीवर घटकाचे नाव ठळक छापावे आणि फवारणीचा पंप मोर्णा नदीच्या पात्रात कोणी धुऊ नये.

— एक वाचक, जठारपेठ, अकोला