बीडीडी चाळ सोडावी काय?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसांना हे घर मोफत आणि मालकी हक्काने मिळाले, याचा आनंद आम्हालाही आहे. पण चावीच्या पाठोपाठ दारात दलाल उभा राहतो. 'याच पैशात बदलापूरला दोन घरे येतील, उरलेले बँकेत टाका, या गर्दीत ठेवलेय काय?' असे तो सांगतो. ज्यांची पाळी अजून यायची आहे, त्यांच्या कानावरही हेच पडते आहे. तेव्हा मुंबईच्या पोटातील ही वस्ती राहण्यास चांगली की वाईट, याचा विचार समाजबांधवांनी स्वतःच केला पाहिजे.

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मजल्यावर वीस खोल्या, संडास सामायिक, पहाटेपासून बादली घेऊन रांग. ज्या बायाबापड्यांनी हे भोगले त्यांना 'चाळ संस्कृती'चे कौतुक सांगू नये. शहरात आल्याने जात सुटली असेही नाही. गिरणीत आमच्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई! ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. तो इतिहास याच भिंतींनी पाहिला आहे.

तरीही आमचे मत राहावे असेच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या संकुचितपणावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार १९२४ साली त्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये झाला. माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती, म्हणून संध्याकाळी निरोप गेला की रात्री सभा भरत असे. आजही वरळीहून चैत्यभूमी पायी गाठता येते. केईएम रुग्णालय जवळ आहे. पोराला फोर्टातल्या सिद्धार्थ महाविद्यालयात जायला लोकलला लोंबकळत रोजचे तीन तास घालवावे लागत नाहीत. धुणीभांडी करणारी आई दुपारी घरी येऊन जाऊ शकते. दलालाच्या हिशेबात हे तास धरलेलेच नसतात.

दुसरीही एक गोष्ट तो बोलत नाही. घर विकून जाणार कोठे? खासगी सोसायटीत घर पाहायला गेले की आधी आडनाव, मग मांसाहार, मग 'कळवतो'. या बाबतीत कायद्याचा आधारही तोकडा आहे. झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सहकारी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली. संविधानातील कलम १५ (१) राज्यसंस्थेला बांधते, खासगी घरमालकाला नाही. पाचशे फुटांचे हे घर आपल्याला कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, जुन्या भाडेकरूच्या हक्काने मिळाले. तेथे आडनाव विचारून दार लावून घेण्याची कोणाची छाती नाही. एकदा ते हातचे गेले की परत या वस्तीत शिरायला आपल्या मुलांचा उभ्या जन्माचा पगारही पुरणार नाही.

टॉवरमध्ये मेंटेनन्सचा बोजा पुढे वाढेल, बंद दारांमागे शेजार तुटेल, ही भीती खरी आहे. तिचा उपाय सोसायटीच्या कमिटीत आपली माणसे, विशेषतः स्त्रिया निवडून पाठवणे हा आहे. ज्यांना आजारपणामुळे वा कर्जामुळे विकावेच लागेल त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण शासनाच्या अटी वाचल्याशिवाय इसार घेऊ नका. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे असला व्यवहार पुढे विकणाऱ्यालाही कोर्टात ओढतो. करारात पत्नीचे नाव आहे की नाही तेही पाहून घ्या. आमच्याकडे असे कागद घेऊन माणसे येतात, तेव्हा बहुधा सही होऊन गेलेली असते.