शिवणीतली माया

गोव्यातल्या लग्नघरांची बेळगावची वारी अजून चुकत नाही. चोर्ला घाट चढायचा, खडेबाजार, गणपत गल्ली नाहीतर शहापूर गाठायचं, साड्यांचा ढीग उपसायचा आणि परतताना ब्लाऊजही तिथेच शिवायला टाकून यायचे. काठ, पदर, रंग यांवर तास तास खल करणारी आपण मंडळी, शिवून आलेला ब्लाऊज उलटा करून मात्र कधी बघत नाही. माझं म्हणणं आहे की पहिल्यांदा तोच बघावा.

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी 'माया' म्हणतो. व्यवहारातला शब्द, पण किती नेमका! सीमाभागातल्या दुकानात तो कानडी शब्दांच्या शेजारी सुखाने नांदतो. कानडीत शिवण म्हणजे होलिगे आणि पुरणपोळी म्हणजे होळिगे. नवख्या माणसाची गंमत होते, पण दोन्हींत आत काय भरलंय त्यावरच किंमत ठरते, हेही खरं.

हल्ली ही माया आटत चालली आहे. गेल्या बस्त्याच्या वेळी आमच्या घरचे सहा ब्लाऊज एका दुकानातून शिवून आले (नाव घेत नाही). वरून देखणे, फिटिंग झकास. आत बघावं तर बगलेत जेमतेम पाव इंच कापड, दोन्ही पदर एकत्र धरून ओव्हरलॉक मारलेले. ओव्हरलॉक मशीनला सुरी असते. ती कडेचं कापड छाटत जाते आणि दोरा मागून कड गुंडाळतो. दशा निघत नाहीत, काम मिनिटात होतं. पण छाटलेलं कापड परत कसं आणणार? नवरी वर्षभरात थोडी अंगाने भरली की तो भारी ब्लाऊज कपाटात पडून राहतो आणि साडीही त्याच्याबरोबर.

जुना हात वेगळा चालायचा. बगलेत दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया आणि पाव-पाव इंचावर दोन-तीन टिपा. आतली एक टीप उसवली की एका बगलेत पुढचं आणि पाठीचं मिळून अर्धा इंच सुटतो, दोन्ही बगलांत एक इंच. घरच्या घरी, ब्लेडच्या टोकाने. त्यातही एक मेख आहे. बाही आधी मुंढ्याला जोडायची आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच सलग शिवण घालून बगल मिटवायची. बगल आधी मिटवून बाही गोल बसवली, तर दिसायला सुबक होते, पण सैल करताना मुंढाही उसवावा लागतो. शिंप्याला हा एकच प्रश्न विचारून बघा, त्याचा हात कळतो.

कोणती शिवण कुठे, याचा विचार सगळीकडे सारखा चालत नाही. नेहरू शर्टाला, पायजम्याला एक कड दुसरीत दुमडून वरून टीप मारलेली चपटी शिवण हवी. जीन्सच्या पायालाही तीच असते, कारण ती ओढाताण सोसते. तलम मलमलीला किंवा जॉर्जेटला फ्रेंच शिवण शोभते. आधी सुलट बाजूने शिवायचं, कड कातरायची, उलटवून पुन्हा शिवायचं, म्हणजे कड आतच बंद होते. पण या दोन्हींतून माया सोडवता येत नाही. म्हणून अंगाबरोबर बदलणाऱ्या बगलेत साधी शिवणच बरी, दोन्ही कडा उघडून, इस्त्रीने सपाट बसवून, वेगवेगळ्या गुंडाळलेली.

आपल्याला तर याचं आणखी एक कारण आहे. बेळगाव घाटावर, हवा कोरडी. तिथे अस्तरासकट चार थरांची जाड शिवण खपून जाते. इथे जुलैत तीच शिवण काखेत दोन-दोन दिवस ओली राहते आणि बुरशीचे ठिपके धरते. उघडी शिवण लवकर वाळते. गोव्यातल्या जुन्या शिंप्यांना हे सांगावं लागत नसे. पोर्तुगीजांनी त्यांच्यासाठी ठेवलेला शब्द 'आल्फायात', म्हणजे मूळचा अरबी 'अल्-खय्यात'.

सीमाभागाने खरं तर जोडकामाची केवढी समज दाखवली आहे. बागलकोटकडच्या इरकल लुगड्याचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याशी मागावरच धाग्याच्या फासांनी जोडतात. सुई लागतच नाही. गुळेदगुड्डच्या खणाला दोन्ही कडांना काठ असतो, तो चोळीच्या बाहीला नीट बसवला की तिथे दुमडायची गरजच राहत नाही. आणि बेळगाव-निपाणीच्या खेड्यांतल्या बायका लुगडं मध्ये विरलं की टाकत नसत. विरलेला भाग काढून धडके दोन तुकडे जोडत, त्याला 'दंड घालणे' म्हणत. ती जोडशिवण निऱ्यांत लपेल अशी नेसत. लुगडं आणखी काही महिने चालायचं. गरिबी होती, कबूल. पण कापड विणणाऱ्याच्या श्रमाचा हिशेबही त्यात होता.

शिंप्यालाच दोष द्यावा, तर तेही खरं नव्हे. "माया ठेवाय कापड पायजे की, अक्का," असं तो म्हणतो तेव्हा त्याचं बरोबर असतं. साडीला जोडून येणारा ब्लाऊजपीस बहुधा ऐंशी सेंटिमीटरचा, त्यात आपल्याला लांब बाही, मोठा गळा आणि पाठीला नक्षीही हवी. शिवाय हाताने कडा घालायला तास-दीड तास जातो आणि त्याचे पैसे द्यायची वेळ आली की आपण शेजारच्या दुकानाचा दर सांगतो. शहापूर-वडगावच्या विणकराच्या साडीला हजारो मोजायचे आणि शिलाईत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची, हे गणित मला कधी पटलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ब्लाऊजचं कापड सुटं घेत असाल तर मीटरभर घ्या आणि माप देतानाच सांगा: बगलेत दीड इंच माया, ओव्हरलॉक करायचंच तर दोन कडांना वेगवेगळं, सुरी न लागता. जोडपीस अपुरा पडत असेल तर बाही आखूड करा, बगल नको. आणि अस्तराचं विसरू नका. त्यालाही तेवढीच माया हवी, नाहीतर वरचं कापड सुटतं आणि अस्तर अडतं.