सर्व्हर डाऊन आहे!

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आपल्या प्रशासनात आता नैसर्गिक आपत्तींच्या पंक्तीला जाऊन बसले आहेत. महापूर, अवर्षण आणि सर्व्हर डाऊन! फरक एवढाच, की पहिल्या दोहोंना वरुणराजास तरी दोष देता येतो.

कुंभकोणमच्या एका कार्यालयात मी हे वाक्य ऐकले. (सर टी. माधवरावांचे, म्हणजे बडोद्याच्या मराठी दिवाणांचे, हे जन्मगाव.) वीज होती, लिनक्सवर चालणारे संगणक धडधाकट होते, परंतु कर्मचाऱ्यांची ओळख पटविणारा मध्यवर्ती एलडॅप सर्व्हर दूरच्या शहरात निपचित पडला होता. त्यामुळे स्वतःच्या टेबलावरील यंत्रात कोणासही प्रवेश नव्हता. खंडाच्या दाखल्यासाठी आलेले कावेरीकाठचे शेतकरी ‘उद्या या’ ऐकून परतले.

हे अटळ होते काय? मुळीच नाही. २००९ पासून लिनक्सवर एसएसएसडी नावाची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात पासवर्ड साठविण्याचा पर्याय चालू केला, की एकदा यशस्वी प्रवेश केलेल्या माणसाच्या पासवर्डाची सांकेतिक खूण यंत्रातच राहते, आणि सर्व्हर अदृश्य झाला तरी दार उघडते. हा पर्याय मुळात बंद असतो. तो कोणीतरी चालू करावा लागतो. तो ‘कोणीतरी’ आपल्या निविदेत कधीच नसतो.

यावर सुरक्षेचा आक्षेप हटकून येतो: बडतर्फ माणूस जुन्या पासवर्डावर आत शिरेल. आक्षेप खोटा नाही. साठविलेल्या ओळखीस मुदत घातली नाही तर ती अमर्याद चालते. मग तीन दिवसांची मुदत घाला; एका ओळीचे काम आहे! शिवाय कर्मचाऱ्याचे घर-फोल्डरही त्याच दूरच्या सर्व्हरवर ठेवले असेल, तर ओळख पटूनही पडदा गोठतो. म्हणून निदान एक स्थानिक खाते असावे, पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात. तिजोरीची दुसरी किल्ली मोहोरबंद करून अन्यत्र ठेवण्याची शिस्त कोषागारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. संगणक आला आणि ती शिस्त कोठे लुप्त झाली, कोण जाणे.

तामिळनाडूत तर अज्ञानाची सबब चालणार नाही. या राज्याच्या एल्कॉट महामंडळाने २००७ च्या सुमारासच लिनक्सची कास धरली होती. आणि १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमनजीक धडकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात विजेचे खांब व तारा आडव्या झाल्या. अशा दिवशी जनित्रावर संगणक सुरू करून मदतीच्या याद्या करणारा तहसीलदार आपल्याच यंत्राच्या दारात तिष्ठत राहावा काय?

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक स्वीकृती-चाचणीत अधिकाऱ्याने स्वतः नेटवर्कची केबल उपटावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि कारकुनास आत जाण्यास सांगावे. तो आत गेला नाही तर देयक मंजूर करू नये.