सौरपंप बसला, पण तारांचे काय?



२०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांमुळे पुष्कळांच्या उसाला दिवसा पाणी मिळू लागले. रात्रीचे जागरण गेले, ही आनंदाचीच गोष्ट. पण पंप बसला म्हणजे काम संपले, असे समजू नये. मोटार जळाली की आपण लगेच म्हणतो, “पेटीच भिकार दिली.” माझे स्पष्ट मत असे, की पेटीला शिव्या देण्याआधी तारा आणि अर्थिंग तपासावे.

जुन्या स्टार्टरची गोष्ट वेगळी होती. तो लाइनची वीज जशीच्या तशी मोटारीला द्यायचा. आताचा कंट्रोलर पॅनेलची डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिची एसी बनवतो. हे बारीक झटके दोन खोड्या करतात.

पहिली खोडी अशी, की केबल एरियलसारखी वागू लागते. जवळचा रेडिओ खरखरतो, स्वयंचलित ठिबकाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पाण्याचे मीटर भलताच आकडा दाखवते. दुसरी खोडी महागात पडते. विहिरीत धोंडा टाकला की लाट कडेला आपटून मागे फिरते, तसा झटका लांब केबलच्या टोकाला आपटतो. मोटारीशी व्होल्टेजची टोके जवळपास दुप्पट होऊ शकतात. वाइंडिंगचे इन्शुलेशन हळूहळू मरते आणि ऐन उन्हाळ्यात मोटार बसते.

यावर उपाय साधे आहेत. तिन्ही फेज आणि अर्थची तार एकाच केबलमध्ये घ्यावी, सुट्या तारा ओढू नयेत. अर्थिंगची तार जाड व आखूड असावी. सेन्सरची तार मोटारीच्या केबलपासून निदान एक फूट दूर ठेवावी, ओलांडावी लागली तर काटकोनात. बोअर खोल किंवा पेटीपासून लांब असेल, तर कंट्रोलरच्या पुढे चोक किंवा फिल्टर लागतो का, हे पुरवठादाराला विचारावे. पेटी सावलीत पण मोकळ्या हवेत ठेवावी. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश उष्णतेला साधारण निम्मे होते. पेटीवर गोणपाट टाकणे म्हणजे तिला उकडणेच. मात्र पेटी स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही आत काही मिनिटे वीज साठून राहते.

कोणी म्हणेल, “साहेब, आधीच हिस्सा भरलाय, आता हा वरखर्च कुठून आणू?” खरे आहे. पण बोअरमधून मोटार वर काढण्याचा खर्च कोणाला चुकलाय? म्हणून काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधीच अर्थिंग मोजून मागावे. ज्यांचे पंप आधीच बसलेत, त्यांनी चार शेजाऱ्यांनी मिळून जाणकार वायरमन बोलवावा, खर्च वाटून जाईल.

योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे, हे मान्य. पण हमीत पेटी बदलून मिळेल, पंधरा दिवस पाण्याविना वाळलेला खोडवा नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी