अंकांचे जोडस्वर

दूरध्वनीची कळ दाबतांच कानीं पडणारा ‘टूं’ हा एकच स्वर आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते दोन असतात. पूर्वीच्या यंत्रावर तबकडी फिरवावी लागे. पांच फिरविले कीं विद्युत्प्रवाह पांच वेळां खंडित होई, शून्याला दहा वेळां. हे खंड केंद्रापर्यंतच उपयोगी पडत. स्वर मात्र मनुष्याच्या बोलण्याबरोबर, तें जाईल तेथवर जातो. १९६३ सालीं अमेरिकेंतील बेल कंपनीनें पेन्सिल्व्हेनियांतील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गांवीं स्वरांच्या कळा प्रथम लोकांस दिल्या.

योजना अशी कीं, कळांच्या आडव्या ओळींस सेकंदाला ६९७, ७७०, ८५२ व ९४१ कंपनांचे खालचे स्वर, आणि उभ्या ओळींस १२०९, १३३६ व १४७७ कंपनांचे वरचे स्वर. पांचाची कळ दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, म्हणून तिचे स्वर ७७० आणि १३३६. (१६३३ हा चौथा वरचा स्वर अमेरिकन लष्कर तातडीचा क्रम दाखविण्यास वापरी; घरगुती यंत्रावर ती ओळ नसते.) यांतील कोणतीही संख्या दुसरीच्या पटींत बसत नाहीं, हें मुद्दाम योजलेलें आहे.

पलीकडे हे स्वर ओळखण्याचें काम आज संगणकाची आज्ञावली करिते. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ८००० वेळां मोजून तिला नुसत्या संख्या पुरविल्या जातात. सर्व स्वरांचें पृथक्करण करीत बसण्याचें तिला कारण नाहीं. आठांचीच चौकशी करावयाची. जेराल्ड गोएर्ट्झेल यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेली रीत येथें फार उपयोगी पडते. घरच्या झोपाळ्याचा दृष्टान्त घ्या. त्याच्याच लयीनें हलकेंच ढकललें तरी झोंका वाढत जातो; भलत्या लयीनें कितीही जोर करा, वाढत नाहीं. आज्ञावलींत असे आंकड्यांचे आठ झोपाळे टांगलेले असतात. नवी संख्या आली कीं मागील दोन उत्तरांशीं तिची मेळवणी करावयाची: एक गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी. बहुधा २०५ संख्या झाल्या, म्हणजे सेकंदाचा सुमारें चाळिसावा भाग लोटला, कीं कोणते झोपाळे उंच गेले तें पाहावयाचें.

परंतु आज्ञावलीची खरी परीक्षा ओळखण्यापेक्षां नाकारण्यांत आहे. बोलणाऱ्याच्या एखाद्या शब्दालाच ती अंक समजली तर सगळा घोटाळा! नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाची येथें आठवण होते. खालचा एक व वरचा एक स्वर हवा, इतर नकोत. दोघांच्या जोरांत फार तफावत नसावी, आणि स्वर निदान सेकंदाचा पंचविसावा भाग टिकावा. शिवाय, तंबोऱ्याच्या खर्जांत गंधार ऐकूं यावा तसे मनुष्याच्या कंठस्वरांत दुप्पट-तिप्पट कंपनांचे स्वर मिसळलेले असतात. म्हणून दुप्पट कंपनांच्या जागींही जोर आढळला, तर ही कळ नव्हे, कोणी बोलत आहे, असें ठरतें.

येथें गृहस्थांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही रीत मुळींच गुप्त नाहीं. कॉलेजांतील मुलगाही ती घरच्या संगणकावर चालवूं शकतो. बँकेच्या यंत्रास गुप्तांक कळवितांना तें संभाषण कोठें मुद्रित झालें, तर ऐकणाऱ्यास नुसतें ‘टूं टूं’, पण आज्ञावलीस एकेक अंक स्पष्ट. हें जाणून कांहीं सेवाकेंद्रें कार्डाचे अंक दाबले जात असतां मुद्रणांतील स्वर झांकून टाकितात. सगळींच तसें करीत नाहींत. माजघरांत दूरध्वनी मोठ्या आवाजावर ठेवून आजोबा अंक दाबीत आहेत आणि शेजारीं नातवाचें ध्वनिमुद्रण चालू आहे, असा प्रसंग आज कोणाच्याही घरीं संभवतो. कळांचा आवाज बंद करण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. तिनें खोलींतलें ऐकणें थांबतें. पलीकडे जाणारा स्वर तरीही जातोच.